पॅडं टिकवायची अण्णा पद्धत

दौलत साळव्यांनी चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली आणि तेवढ्या काळात निदान पन्नास माणसांना पॉलिशचं काम शिकवलं. शिकवायची त्यांची तऱ्हा साधी होती. समोरच्याचा हात चुकला की यांचं तोंड सुटायचं. लोअर परळचा तो कारखाना गेला, तिथे काचेची इमारत आली, पण त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं अजून रस्त्यात भेटली की आधी स्वतःच्या हातांकडे बघायची आणि मग जय भीम घालायची. असा हा माणूस सहासष्टाव्या वर्षी एका माणसापुढे मुका झाला. तो माणूस म्हणजे त्यांचा जावई, हितेंद्र.

निवृत्तीनंतर दौलतरावांनी परळच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत, खिडकीशी एक छोटा लेथ बसवला होता. त्यावर ते शाईची पेनं बनवायचे. सुरुवात झाली ती चौदा एप्रिलमुळे. जयंतीला हार-फुलं आणू नका, वह्या-पेनं आणा, असा चाळीतल्या मंडळाचा दंडक. एका वर्षी दौलतरावांनी दुकानातल्या पेनांऐवजी स्वतः कातलेली पाच पेनं नेऊन ठेवली. अभ्यासिकेतल्या पोरींनी त्यांच्यावरून अशी भांडणं केली की पुढच्या वर्षी मंडळाला चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. तेव्हापासून सुटका नव्हती.

पेन लेथवर कातून झालं तरी ते आंधळंच असतं. त्याला नजर देतात ती पॅडं. नऊ पॅडांचा एक संच, प्रत्येकाचा रंग वेगळा, आकार चौकोनी बिस्किटाएवढा. मधे स्पंज, दोन्ही बाजूंना कापड आणि कापडावर बारीक कच. पहिलं पॅड मांजराच्या जिभेसारखं लागतं, नववं कानाच्या पाळीसारखं. एकामागून एक, क्रमाने, पाण्यात भिजवून ती फिरत्या पेनावर टेकवायची. आधीच्या पॅडाचे ओरखडे पुढच्याने काढायचे. नवव्याला पेनात खिडकीचे गज दिसायला लागतात. ही पॅडं बाहेरदेशातून येतात, मागवली तरी महिना महिना वाट बघायला लावतात. दौलतरावांचा एक संच दोन वर्षं जायचा. हितेंद्रचा तिसऱ्या रविवारी मान टाकायचा.

हितेंद्र राहायला शिवडीला, नोकरीला लोअर परळच्या एका विमा कंपनीत. माणूस गुणी. बायकोशी, मेघनाशी, कधी वरच्या आवाजात बोलला नाही, सासूसासऱ्यांचं औषधपाणी स्वतः बघणारा. सासऱ्याचं पाहून त्यालाही पेनाचं वेड लागलं आणि दर रविवारी सकाळी तो लेथपाशी हजर व्हायला लागला. दोष एकच. त्याला पेन पूर्ण झालेलं बघायची घाई फार. मशीन फुल स्पीडला टाकायचा आणि पॅड असं दाबून धरायचा की जणू पेन पळून चाललंय. पाणी लावायचं विसरायचा. मग वास सुटायचा, आतला गोंद पातळ व्हायचा आणि पॅडावरचं कापड भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं सुटून यायचं. सुटलं की म्हणायचा, "मामा, तुमचं जरा घेतो हां."

हे "जरा" दौलतरावांच्या जिवावर यायचं. एकदा त्यांनी धीर करून म्हटलं होतं, "हितेंद्रराव, थोडं हलक्या हाताने." फक्त एवढंच. जावयाचा चेहरा उतरला, तो चहा न घेता निघाला, आणि संध्याकाळी मेघनाचा फोन आला, "पप्पा, तुम्ही त्यांना काही बोललात का?" त्यानंतर शांताबाईंनी नवऱ्याला बजावलं, "जावई आहे तो आपला. तुमच्या कारखान्यातला पोऱ्या नाही. त्याला एक शब्द बोलायचा नाही." दौलतराव तेव्हापासून गप्प होते आणि त्यांची पॅडं मरत होती.

गणपतीच्या आधीच्या एका रविवारी हितेंद्रने त्यांचं नववं पॅड जाळलं. राखाडी, मऊ, दीड वर्षं जपलेलं. मधोमध काळा पट्टा. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि मनापासून विचारलं, "मामा, खरं सांगा, तुमची पॅडं एवढी टिकतात कशी? काहीतरी ट्रिक असणार."

खरं उत्तर एका ओळीचं होतं. ते जिभेवर आलं आणि तिथेच थबकलं. मोरीत शांताबाई तांदूळ धूत होत्या. पांढरं पाणी पातेल्यातून ओतायच्या बेतात होत्या. दौलतरावांची नजर तिकडे गेली आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"तांदळाचं धुवण."

"काय?"

"अण्णांची पद्धत आहे ती," दौलतराव म्हणाले. अण्णा कोण हे त्यांना स्वतःलाही अजून ठाऊक नव्हतं. "आमचे उस्ताद होते. मालवणकडचे. त्यांचं एक पॅड आठ वर्षं चाललं. कुणाला सांगायचे नाहीत."

हितेंद्रने खिशातून मोबाईल काढून लिहायला घेतलं. ते बघून दौलतरावांना आणखी स्फुरण चढलं. "पहिलं म्हणजे मोबाईल लांब. त्याची थरथर पॅडाला लागते." हितेंद्रने मोबाईल सासूकडे दिला आणि कागद घेतला. "पॅड डाव्या हाताने धरायचं. दोनच बोटं, अनामिका आणि करंगळी. एक पॅड झालं की ताज्या धुवणात बुचकळून खळखळून काढायचं. मग पेन उजेडाला धरून त्याच्याकडे बघत शंभर आकडे मोजायचे, मगच दुसरं पॅड. आणि शेवटी सगळी पॅडं सावलीत, सुती रुमालावर, पाठीवर झोपवायची."

"उपडी नाही?"

"उपडी झोपली की त्यांचा श्वास कोंडतो."

मोरीत पातेलं आपटल्याचा आवाज आला. शांताबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या होत्या.

दौलतरावांची अपेक्षा अशी की जावई दोन रविवार हा तमाशा करेल, कंटाळेल, आणि मग आपण हसत हसत खरं सांगून टाकू. पण हितेंद्र कंटाळणारा माणूस नव्हता. तो करंगळीने पॅड धरायचा, ओठ हलवत शंभर मोजायचा, मधेच कुणी बोललं तर पुन्हा एकपासून सुरू करायचा. दर रविवारी नऊ पॅडांना नऊ वेळा ताजं धुवण. त्यासाठी शांताबाईंना तांदूळ थोडे थोडे करून नऊ वेळा धुवावे लागायचे, आणि एवढे धुतलेले तांदूळ टाकून थोडेच देणार. रविवारी सकाळी भात, रात्री भात, सोमवारी फोडणीचा भात. दौलतरावांना साखरेचा त्रास, डॉक्टरांनी भात जवळजवळ बंद केलेला.

"मला भाकरी दे," ते तिसऱ्या सोमवारी म्हणाले.

"भाकरीच्या पिठाचं धुवण निघत नाही," शांताबाई म्हणाल्या आणि ताट पुढे सरकवलं. "अण्णांना सांगा."

गंमत अशी झाली की दिवाळी आली तरी हितेंद्रची पॅडं जिवंत होती. नुसती जिवंत नाही, कोरीच दिसत होती. आणि त्याची पेनं, जी आधी दुरून बरी आणि जवळून ओरखड्यांची असायची, ती आता आरशासारखी निघत होती. एक गडद निळं पेन त्याने सासऱ्याच्या हातात दिलं तेव्हा दौलतरावांनी ते खिडकीशी नेऊन, चष्मा वर करून, खोट शोधायचा प्रयत्न केला. सापडली नाही. त्यांना आनंदही झाला आणि चरफडायलाही झालं. चाळीस वर्षांच्या अनुभवाला जावयाने मान दिला नव्हता, आणि एका थापेला दिला होता.

मग एक मंगळवार असा आला की शांताबाई भाजी घेऊन वर आल्या तर नवरा मोरीशी उकिडवा बसलेला. समोर तांदळाचं पातेलं, आणि त्यात स्वतःची पॅडं.

"हे काय?"

"नाही, म्हटलं बघावं," दौलतराव पॅड पिळत म्हणाले. "कदाचित असेलही त्यात काहीतरी."

शांताबाई पिशवी तशीच हातात धरून खाली बसल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

डिसेंबरात हितेंद्र एका शनिवारीच उगवला, हातात छापील कार्ड घेऊन. दादरला हौशी पेनकारांचा मेळावा होता. दरवर्षी भरतो, शंभरेक माणसं जमतात, कुणी निब घासून दाखवतं, कुणी पेन कातायचे प्लास्टिकचे रॉड ओततं. हितेंद्रने त्यांच्या ग्रुपवर आपल्या पॅडांचे फोटो टाकले होते आणि लोक त्याच्या मागेच लागले होते. कार्डावर ठळक अक्षरांत होतं, "पॅडं टिकवायची अण्णा पद्धत, सादरकर्ते हितेंद्र कांबळे, प्रमुख उपस्थिती श्री. दौलत साळवे."

"मामा, अण्णांचं पूर्ण नाव काय होतं?" हितेंद्रने विचारलं. "त्यांचा उल्लेख व्हायला पाहिजे. आणि एखादा जुना फोटो असेल तर बघा ना."

"बघतो," दौलतराव म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं. शांताबाई शेंगा सोलत होत्या. "त्याला आत्ताच फोन करून सांगा," त्या म्हणाल्या.

दौलतरावांनी फोन उचलला, नाव काढलं, आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. कार्यक्रमाच्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि त्यांनी अजून काही सांगितलेलं नव्हतं.

दादरचा तो हॉल भरला होता. हितेंद्रने टेबलावर धुवणाची बाटली, रुमाल, पॅडं अशी मांडामांड केली आणि छान बोलला. करंगळी वर करून दाखवली तेव्हा लोकांनीही आपापल्या करंगळ्या वर केल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या दौलतरावांना घाम फुटला. मग मागून एक गृहस्थ उठले. प्रफुल्ल वैद्य. गिरगावात पेनदुरुस्तीचं दुकान, आजोबांपासून तोच धंदा, आणि शब्द तोलून बोलायची सवय.

"एक शंका आहे," वैद्य म्हणाले. "तांदळाच्या पाण्यात पिठूळपणा असतो. तो वाळल्यावर कचेच्या फटींत बसणार. म्हणजे पॅड टिकण्याऐवजी बुजायला हवं. आपण हे पडताळून पाहिलंत का?"

हितेंद्र अडखळला. "माझी पॅडं चार महिने चालली आहेत."

"ती धुवणामुळे चालली, की धुवण असूनही चालली?"

हॉलमध्ये खसखस पिकली. हितेंद्रचे कान लाल झाले. "हे बघा साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला, "अण्णांनी आयुष्य घालवलं ह्या कामात. माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं. ते मला खोटं कशाला सांगतील?"

दौलतरावांना वाटलं की जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. जावई भर सभेत आपल्या थापेसाठी भांडत होता, आणि तेही आपल्या नावावर. ते उठले, टेबलापाशी गेले आणि त्यांनी हितेंद्रच्या हातातून माईक घेतला.

"वैद्यसाहेबांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "तांदळात काही नाही. नळाचं पाणी चालतं. अण्णा म्हणून कोणी उस्ताद नव्हते. आमच्या गेटवर चहा विकायचे त्यांना अण्णा म्हणत, एवढंच."

त्यांनी टेबलावरची धुवणाची बाटली बाजूला सरकवली.

"पण ह्यांची पॅडं टिकली हे खरं आहे. का टिकली ते सांगतो. पॅड दर वेळी धुतलं की घासलेला भुगा त्यात अडकत नाही. धुवण सांगितलं कारण नुसतं पाणी सांगितलं असतं तर हे विसरून गेले असते. डाव्या हाताची करंगळी सांगितली कारण करंगळीने जोर लावता येत नाही. शंभर मोजायला सांगितलं कारण तेवढ्यात पेन गार होतं, गोंद सुटत नाही. आणि उजेडात बघत मोजायला सांगितलं कारण मागच्या पॅडाचा ओरखडा राहिला असेल तर तो दिसतो. तो तसाच ठेवून पुढे गेलं की बारीक पॅडाला जाड पॅडाचं काम करावं लागतं आणि ते बिचारं लवकर मरतं."

"आणि मोबाईल?" कुणीतरी विचारलं.

"मोबाईल बघत बघत मशीन चालवायचे."

"मग हे सगळं सरळ का नाही सांगितलंत?" वैद्यांनी विचारलं.

दौलतरावांनी माईक तोंडाजवळ धरला. "जावई आहेत हो ते," ते म्हणाले. "जावयाला 'दाबू नका' कसं सांगणार?"

पुढची पाच मिनिटं हॉलमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. वैद्य खुर्चीची पाठ धरून हसत होते. एक म्हातारे गृहस्थ आपल्या जावयाला कोपराने ढोसत होते. फक्त हितेंद्र हसत नव्हता. त्याने बाटलीचं झाकण लावलं, पॅडं रुमालात गुंडाळली आणि टॅक्सीत परळ येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. दौलतराव उतरताना म्हणाला, "येतो मामा," आणि टॅक्सी शिवडीकडे गेली.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मेघनाला फोन केला तर ती म्हणायची, "ते कामात आहेत," आणि मग हसू आवरत नसल्यासारखं फोन ठेवायची, त्यामुळे दौलतरावांना काहीच अंदाज लागेना. लेथपाशी बसलं तरी हात चालत नव्हता. ह्या खिडकीशी कुणी शंभर मोजत नाही हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं. तिसऱ्या रविवारी शांताबाईंनी त्यांच्या हातात पायताण दिलं. "जा शिवडीला. आणि तिकडे अण्णांना मधे आणू नका."

दार हितेंद्रनेच उघडलं. "या मामा," एवढंच म्हणाला. आत हॉलच्या कोपऱ्यात त्याने स्वतःचा लहानसा लेथ बसवला होता. शेजारी दोन संच मांडलेले, त्यांच्यापुढे चिठ्ठ्या. एकावर 'नळ', एकावर 'धुवण'.

"सहा सहा पेनं केली," हितेंद्र म्हणाला. "सगळं सारखं. फरक फक्त पाण्याचा. हे बघा."

दौलतरावांनी धुवणाच्या संचातलं सातवं पॅड उचललं. जरा कडक झालं होतं, आणि त्याला आंबूस वासही येत होता. नळाच्या पाण्यातलं मऊ होतं.

"म्हणजे धुवण नसतं तर माझी पॅडं आणखी टिकली असती," हितेंद्र म्हणाला. "तुम्ही मला चार महिने फसवलंत आणि वर नुकसानही केलंत."

"चुकलं माझं," दौलतराव म्हणाले. "मला तुमची थट्टा करायची नव्हती. म्हणजे, होती. पण एवढी नाही."

हितेंद्रने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "मला थट्टेचं काही नाही मामा. त्या हॉलमध्ये लोक हसले, चालतं. मला एका गोष्टीचा राग आला. पन्नास माणसांना तुम्ही शिव्या देऊन शिकवलंत. मला मात्र गोष्टी सांगितल्यात. मी काय पाहुणा आहे का?"

मेघना स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी राहिली होती.

हितेंद्र लेथवर बसला, मशीन चालू केलं आणि एक पॅड घेऊन अर्धवट पेनावर टेकवलं. उजव्या हाताने. अंगठ्याने. "आता सांगा," तो म्हणाला. "टूलरूममध्ये सांगायचात तसं."

"हितेंद्रराव, थोडं हलकं..."

"असं नाही." त्याने आणखी दाबलं. मशीनचा आवाज बदलला.

"अहो, गोंद सुटेल."

हितेंद्रने वेग वाढवला. हलका, ओळखीचा जळका वास सुटला. दौलतरावांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा पॅडाकडे. आणि मग चाळीस वर्षांचं तोंड सुटलं.

"अरे गाढवा, पेन घासतोयस का पोळपाट? हात आहे का वरवंटा? पाणी कुठाय? पाणी कुणी लावायचं, माझ्या बापाने? काढ तो अंगठा आधी."

मेघनाच्या हातातला ट्रे खडखडला. हितेंद्रने अंगठा काढला, पाणी लावलं, वेग कमी केला. "असं?" त्याने विचारलं.

"अजून हलकं, मूर्खा. डोळ्यात काजळ घालतोय असं समज." बोलून झाल्यावर दौलतराव दचकले आणि तोंडावर हात ठेवून उभे राहिले. हितेंद्रचे खांदे हलत होते. तो हसत होता, पण हात मात्र पॅडावर पिसासारखा टेकला होता.

जानेवारीपासून तो पुन्हा दर रविवारी परळला येऊ लागला. आता तो नळाचं पाणी वापरतो आणि पॅडं कडेला गोल कापून घेतो, म्हणजे कोपरे फाटत नाहीत. ही सुधारणा त्याची स्वतःची, आणि दौलतरावांनी ती तोंड वाकडं करून मान्य केली आहे. गिरगावचे वैद्य अधूनमधून दुकान बंद करून येतात आणि शेजारी स्टुलावर बसून, आपल्याही वाट्याला एखादी शिवी येते का याची वाट बघतात. अजून आलेली नाही. दौलतराव त्यांना "साहेब" म्हणतात, आणि वैद्यांना ते फार लागतं.

मधे एकदा शेजारच्या शेवंतीबाईंनी शांताबाईंना जिन्यात गाठलं. "काय गं, जावयाचं आणि ह्यांचं फाटलंय का? दर रविवारी ऐकू येतं आम्हाला. अगदी गाढव नि काय काय."

"नाही गं," शांताबाई म्हणाल्या. "उलट आता कुठे जमलंय."